मुक्त कार्यप्रणाली विकतच्या जागी बसेल काय?

संगणकाची मुक्त कार्यप्रणाली विकतच्या कार्यप्रणालीची जागा घेण्याइतकी तयार झाली आहे काय, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे विचारला जात आहे. दर दोन-चार वर्षांनी कोणी उत्साही गृहस्थ 'यंदा झालीच' म्हणून जाहीर करतात, आणि बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन पाहावे तो गल्ल्याशेजारच्या संगणकावर विंडोजच असते. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढून ठेवला आहे की, फुकटची वस्तू ती फुकटचीच. हा निष्कर्ष घाईचा आहे. मात्र प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. काही अटींवर थोडी मुदतवाढ दिली, पण ती मुदतवाढच. पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, घ्यावी तर ती पुष्कळशा जुन्या यंत्रांना चालत नाही. तिला यंत्रात एक विशिष्ट सुरक्षा-चकती आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. तेव्हा एखाद्या शाळेत, वाचनालयात किंवा लहान पतपेढीत जे धडधाकट संगणक आहेत, ते भंगारात काढावयाचे की त्यांच्यावर दुसरी प्रणाली घालून ते वापरावयाचे, हा रोख खर्चाचा प्रश्न आज पुष्कळांच्या दाराशी उभा आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण कळफलकावर एक कळ दाबता आणि पडद्यावर अक्षर उमटते; 'छापा' म्हणता आणि प्रिंटर हलू लागतो. या दोहोंच्या मध्ये जो कारभारी बसलेला असतो, जो कोणत्या कामाला यंत्राचा किती वेळ व किती जागा द्यावयाची हे ठरवितो, तो म्हणजे कार्यप्रणाली. पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा किंवा चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम या कारभाऱ्याच्या हाताखाली काम करतो. कारभारी बदलला की हाताखालची माणसेही बरीचशी बदलावी लागतात. सगळी अडचण येथे आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

आता 'मुक्त' या शब्दाचे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे त्या लोकांचा मोठा घोटाळा होतो. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, तेव्हा आपण तरी घोटाळा करू नये. मुक्त प्रणाली म्हणजे जी कोणालाही चालविता येते, जिची घडण उघडून वाचता येते, जिच्यात बदल करता येतो आणि जी मूळ किंवा बदललेल्या स्वरूपात दुसऱ्याला देता येते, अशी. ती बहुधा फुकट मिळते, पण ते तिचे लक्षण नव्हे. रेड हॅट ही अमेरिकन कंपनी मुक्त प्रणालीच्या देखभालीचे पैसे घेते, आणि २०१९ साली आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. फुकटच्या धंद्याला कोणी एवढे मोल देत नाही.

विकतची प्रणाली घेताना आपण प्रणाली विकत घेत नाही, तर ती वापरण्याची परवानगी घेतो. ते भाड्याचे घर आहे. भाड्याच्या घरात सोय असते. नळ बिघडला तर मालक माणूस धाडतो. पण भिंतीत खिळा ठोकावयाचा तरी मालकाला विचारावे लागते, आणि एके दिवशी मालकाने 'या इमारतीची दुरुस्ती आता बंद' असे कळविले तर भाडेकरूला काही म्हणता येत नाही. मुक्त प्रणाली हे स्वतःचे घर. येथे कोणाला विचारावे लागत नाही. पण लोणावळ्यात राहणाऱ्यांना हे सांगावयास नको की, स्वतःच्या घराचे छप्पर मृगापूर्वी स्वतःच शाकारावे लागते. छपरावर चढणारा माणूस घरात नसेल तर मालकीचा आनंद जुलैपर्यंतच टिकतो. मुक्त प्रणालीचे यश किंवा अपयश जेथे जेथे पाहावयास मिळते, तेथे शेवटी हाच प्रश्न निघतो : छपरावर कोण चढणार?

इतिहास फार सांगत नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत अशी संपूर्ण मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो मुक्त परवान्याखाली दिला. त्या गाभ्याचे नाव लिनक्स. योगायोग असा की, त्याच १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. आज जगातल्या सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरी प्रणालीच नाही. आणि आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे जी वस्तू आपल्याला अपरिचित वाटते, ती आपण दिवसातून शंभर वेळा हाताळतो. (मात्र फोनकडे बोट दाखवून मुक्तीचा विजय जाहीर करणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या मुक्त गाभ्याभोवती कंपन्यांनी एवढ्या भिंती बांधल्या आहेत की, वापरणाऱ्याच्या वाट्याला त्या मुक्तीतले फारसे काही येत नाही.)

तेव्हा सामर्थ्याचा प्रश्न निकालात निघाला आहे. उरला तो टेबलावरच्या साध्या संगणकाचा. आणि येथे लांबचे दाखले शोधीत बसण्याचे कारण नाही. वडगाव मावळच्या न्यायालयात ज्यांना दाव्याच्या तारखेसाठी जावे लागले आहे, त्यांनी हा प्रयोग आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. केवळ तो प्रयोग आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही.

देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांचे संगणकीकरण २००७ साली सुरू झाले. २०१५ पासून दुसरा टप्पा चालला आणि २०२३ साली ७,२१० कोटी रुपयांचा तिसरा टप्पा मंजूर झाला. या कामावर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची देखरेख असते. आपल्या मावळाच्या शेजारच्या खेड तालुक्यात ज्यांच्या घराण्याचे मूळ आहे, ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड काही वर्षे या समितीचे अध्यक्ष होते. समितीने आरंभापासून मुक्त प्रणालीचा आग्रह धरला. न्यायालयांतल्या संगणकांवर उबुंटू ही लिनक्सची जात, न्यायालयीन कामापुरती जुळवून, घालण्यात आली. दाव्याची नोंद, तारखा, रोजनामा, निकाल हे सर्व ज्या प्रोग्रॅममध्ये भरले जाते, तो राष्ट्रीय सूचना केंद्राच्या पुण्यातील शाखेने तयार केला, तोही मुक्त साधनांवर. पुण्यात लिहिलेला हा प्रोग्रॅम आज देशभरच्या जिल्हा न्यायालयांत चालतो. पक्षकाराने आपल्या फोनवर दाव्याचा क्रमांक घालून पुढची तारीख पाहिली, तर ती त्याच्यातून येते.

हे जमले कसे? न्यायालयातले कारकून काही संगणकशास्त्रज्ञ नव्हेत. त्यांतले पुष्कळ टंकलेखन यंत्रावरून थेट संगणकावर आले. जमले याची कारणे साधी आहेत. एक तर त्यांचे नित्याचे काम एका प्रोग्रॅमात मावत होते, आणि तो प्रोग्रॅम या प्रणालीसाठीच लिहिलेला होता. दुसरे, कर्मचाऱ्यांतूनच काही जणांना शिकवून तयार केले आणि त्यांनी इतरांना शिकविले. त्यामुळे शिकविणारा परका वाटला नाही, आणि अडले तर तो त्याच इमारतीत सापडला. तिसरे कारण जरा कडू आहे : कर्मचाऱ्यांना निवड दिली नव्हती. वरून ठरले, तसे झाले. सुरुवातीला कुरकुर झालीच असणार. कोणत्या कचेरीत ती होत नाही? पण छपरावर चढणारी माणसे नेमलेली होती, म्हणून घर गळले नाही.

आता याच्या उलट दाखला. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरविले आणि दहा वर्षे खपून सुमारे १५ हजार संगणक बदलले. जगभर त्याचे गोडवे गाइले गेले. २०१७ साली त्याच नगरपालिकेने परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. राजकारण होते, नाही असे नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, नगरपालिकेच्या निरनिराळ्या खात्यांचे शेकडो वेगवेगळे प्रोग्रॅम होते, त्यांतले कित्येक विंडोजखेरीज चालत नव्हते, बाहेरून येणारे दस्तऐवज उघडल्यावर त्यांची मांडणी विसकटत होती, आणि संगणक सांभाळणारी माणसे ठिकठिकाणी विखुरलेली होती. प्रणाली तीच, लिनक्सच. वडगावला ती टिकली आणि म्युनिकला डळमळली. जर्मनीतच श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ साली पुन्हा तीस हजार संगणकांसाठी हाच मार्ग धरला आहे; मात्र या खेपेस त्यांनी आरंभ कार्यप्रणालीपासून न करता लेखनाच्या प्रोग्रॅमापासून व दस्तऐवजांच्या स्वरूपापासून केला. माझ्या मते हा क्रम बरोबर आहे.

कारण असे की, खरी गुंतवणूक यंत्रात नसते, दस्तऐवजात असते. आपल्या भुशीचे धरण रेल्वे कंपनीने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. ती इंजिने घाटातून केव्हाच गेली; पाणी राहिले. संगणकही आठ-दहा वर्षांत जातो. त्यातली फेरफारांची नोंद, सभेचा वृत्तांत, वाचनालयाची ग्रंथसूची, पणजोबांच्या आठवणींचा मजकूर हे राहावयाचे असते. आणि या बाबतीत मराठी माणसाची एक विशेष अडचण आहे, जी जर्मन माणसाला नाही.

संगणक अक्षर साठवीत नाही, आकडा साठवितो. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात 'क' या अक्षराचा आकडा २३२५ आहे, आणि तो पुण्यात, न्यू जर्सीत, विंडोजवर, लिनक्सवर सर्वत्र 'क'च असतो. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ सालीच मिळाले. पण ते आपल्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधी आपल्याकडे दुसरी एक युक्ती रूढ झाली होती. आकडा रोमन अक्षराचा साठवावयाचा आणि त्यावर चित्र मराठी अक्षराचे चढवावयाचे. 'कृतिदेव' या फाँटात रोमन 'डी'वर 'क'चे चित्र आहे. पडद्यावर मराठी दिसते, कागदावर मराठी छापते. पण यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडा, की रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची एक खिचडी समोर येते. श्रीलिपी आणि तिच्यासारखी इतर साधने ज्या काळात आली, त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी मराठी मुद्रण तगविले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु वीस-पंचवीस वर्षांचे मराठी लिखाण, ज्यात दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, पाठ्यपुस्तके सर्व आले, असल्या सोंग घेतलेल्या आकड्यांत अडकून पडले आहे. ते बहुतांशी विंडोजवरच उघडते. छापखान्याच्या शेजारी मजकूर जुळविणारा जो दुकानदार बसतो, त्याला 'लिनक्स घ्या' म्हणणे म्हणजे त्याच्या दुकानातला साठा नदीत लोटा म्हणण्यासारखे आहे. तो ऐकत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

यावर उपाय आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. ते शंभर टक्के अचूक नसतात. जोडाक्षरे आणि वेलांट्या यांत चुका राहतात आणि मुद्रिते तपासावी लागतात. पण हे काम विंडोजवर बसूनही करता येते, आणि ते आज केले तर उद्या प्रणाली कोणतीही असो, फरक पडत नाही.

मुक्त प्रणालीवर मराठी नीट दिसते काय, ही शंका साहजिक आहे. पंचवीस वर्षांपूर्वी दिसत नव्हती. मुंबईच्या 'इंडलिनक्स' या स्वयंसेवी प्रकल्पाने, पुण्या-मुंबईच्या लिनक्सप्रेमी मंडळांनी व कंपन्यांतल्या अभियंत्यांनी यासाठी पुष्कळ खटपट केली. रेड हॅटने २००४ साली 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त केले, आणि पुढे त्यांची देखभाल तिच्या पुण्यातील कचेरीत होत राहिली. ज्याला हे बारीक काम वाटेल त्याने दोन शब्द लिहून पाहावेत : 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. फरक केवळ 'र'च्या रूपाचा. हिंदीला त्या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही, मराठीला पडते. हिंदीपुरता विचार करून बनविलेल्या साधनांत आपल्या दऱ्यांचा समुद्र होतो. विकतच्या प्रणालीत असा दोष आढळला तर अर्ज करून वाट पाहावयाची. मुक्त प्रणालीत पुण्यातला एखादा जाणकार तो स्वतः दुरुस्त करून जगाला देऊ शकतो. मुक्तीचा अर्थ इतका व्यावहारिक आहे. मराठीत प्रणालीच्या सूचनाही उपलब्ध आहेत, जरी काही ठिकाणी भाषांतर अपुरे आणि काही ठिकाणी विनोदी आहे.

मग ज्यांनी अजून हात लावू नये असे कोण? हिशेबनीस. दुकानदारीचे हिशेब आपल्याकडे बव्हंशी टॅलीवर चालतात, आणि टॅली मुळात विंडोजची आहे. वस्तू व सेवा कराची विवरणे भरण्यासाठी सरकारने जे साधन दिले आहे, ते यंत्रावर उतरवून वापरावयाचे तर त्यालाही विंडोजच लागते. गंमत पाहा : केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त साधनांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ सालापासून 'बॉस' नावाची भारतीय भाषांतली मुक्त प्रणाली काढली आहे, संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली 'माया' नावाच्या स्वतःच्या प्रणालीकडे वळण्याचे ठरविले, आणि तेच सरकार लहान व्यापाऱ्याला विकतच्या प्रणालीकडे ढकलते. डावा हात काय करतो हे उजव्या हाताला ठाऊक नसणे हे सरकारचे जुने लक्षण आहे. डिजिटल सहीची जी टोकने मिळतात, ती लिनक्सवर लावताना पुष्कळदा अशीच दमछाक होते.

दुसरा अडसर सवयीचा. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलामुलींनी माऊसला पहिल्यांदा हात लावला तो त्या वर्गांत. हे श्रेय लहान नाही. पण त्यांना संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड असेच शिकविले गेले. मुलाला पोहणे शिकवावे ते एकाच विहिरीचे नाव घेऊन, तसे हे झाले. त्याच काळात केरळने सरकारी शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर नेले आणि शिक्षकांना त्याचे शिक्षण दिले. तिथल्या मुलाला लिनक्स वेगळे वाटत नाही, कारण त्याने आरंभच तिथून केला. आपल्याकडेही मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे छोटे दृक्-पाठ तयार केले आहेत. लिनक्स व लिबरऑफिस यांचे पाठ त्यांत मराठीतून ऐकता येतात, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

सुरक्षिततेविषयी पुष्कळ अतिशयोक्ती चालते. जून २०१७ मध्ये विंडोजवर पसरणाऱ्या एका विषाणूने न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले, ही गोष्ट खरी. पण मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या एका उपयुक्त भागात कोणी तरी दोन वर्षे गोड बोलून विश्वास संपादन करीत चोरदरवाजा बसविला होता, हीही गोष्ट खरी. तो पकडला एका अभियंत्याने, संगणकात प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद जास्त का लागतो हे शोधता शोधता. घडण उघडी होती म्हणून त्याला आत पाहता आले. आणि हा गृहस्थ नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये!

मला सुरक्षिततेपेक्षा दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. जुलै २०२५ मध्ये मुंबईत कचेरी असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या टपाल व इतर सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी बंद केल्या. कंपनीत रशियन भांडवल होते आणि युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले होते. कंपनीने पैसे भरलेले होते, भारतीय कायदा मोडलेला नव्हता. तरी तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि मग सेवा परत सुरू झाल्या. येथे कार्यप्रणालीचा नव्हे, तिच्यासोबत भाड्याने घेतलेल्या सेवांचा प्रश्न होता, हे खरे. पण किल्ली कोणाकडे आहे, हे त्या आठवड्यात पुष्कळांना कळले.

तर मग करावे काय? आपल्या घाटातल्या रेल्वेनेच एक मार्ग दाखविला आहे. १९२९ साली मुंबई-पुणे मार्ग १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर आला. पुढे देशभर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज रूढ झाली, आणि या शतकात आपला मार्गही तिच्यावर आणावा लागला. गाड्या तर एक दिवस बंद ठेवता येत नव्हत्या. तेव्हा मध्य रेल्वेने दोन्ही विजांवर चालणारी इंजिने वापरली; जुन्या तारेखालून नव्या तारेखाली ती न थांबता जात. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स ही अशी दोन्हीकडे चालणारी इंजिने आहेत. ती विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. सहा महिने विंडोजवर त्यांचा सराव करावा. पत्रे, याद्या युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात साठवाव्यात. ज्याचे काम पत्रलेखन, इंटरनेट, टपाल, छपाई एवढेच आहे, असे घर, वाचनालय, शाळा, संस्थेची कचेरी, त्यांच्यासाठी मुक्त प्रणाली माझ्या मते आज पुरेशी तयार आहे; मात्र आधी गावातला एक तरी मनुष्य ती सांभाळण्यास नेमावा आणि त्याला त्याचा मेहनताना द्यावा. प्रणाली फुकट आहे, मनुष्य फुकट नाही. ज्याचा हिशेब टॅलीत आणि साठा श्रीलिपीत आहे, त्याने एक यंत्र विंडोजवर ठेवावे आणि त्याबद्दल संकोच मानू नये.

खात्री करून घेण्यास खर्च येत नाही. उबुंटू किंवा मिंट यांसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि संगणक त्यावरूनच सुरू करावा. आतल्या जुन्या प्रणालीला हात न लावता नवी प्रणाली पडद्यावर येते. थोडी मंद चालेल, पण चालेल. प्रिंटर ओळखला जातो का, वाय-फाय लागते का, आवाज येतो का ते पाहावे. जुन्या अहवालाची एक फाइल उघडावी. मराठी कळफलक निवडून 'दऱ्या' हा शब्द लिहावा आणि कागदावर छापून पाहावा. अर्ध्या तासाचे काम आहे. नाही पटले तर पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. विंडोज जागच्या जागी असते.